बाईंच्या पाटल्या: एक प्रकरण

मी सोलापुरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. प्लास्टर निघाल्यावर, संधिवातात किंवा पक्षाघातानंतर हात पुन्हा रोजच्या कामाला लावायचा, हे माझं काम. हे प्रकरण ऐंशीच्या घरातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. शाळेत, गल्लीत सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत, सुनेच्याही तोंडी कधीकधी तेच येतं, म्हणून इथेही बाईच.

२०२४ च्या श्रावणात बाई न्हाणीघरात घसरल्या. पडताना उजवा हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. उतारवयातल्या बायकांमध्ये हे फ्रॅक्चर फार दिसतं. त्या हातात पाटली होती. जुळे सोलापूर भागातल्या घरातून दवाखान्यात पोचेपर्यंत मनगट इतकं सुजलं की पाटली मांसात रुतली. साबण झाला, तेल झालं, शेवटी तिथल्या डॉक्टरांनी कटरने पाटली कापली. घरच्यांना ते फार लागलं. “थोडा वेळ थांबले असते तर निघाली असती की,” असं मुलगा पुढे कितीतरी दिवस म्हणत होता. माझं मत स्पष्ट आहे: कापली ते योग्यच केलं. मोडलेल्या मनगटाची सूज पहिले दोन-तीन दिवस वाढतच राहते, आणि सोन्याचं कडं काही ताणत नाही. रक्त अडलं तर बोटांवर बेततं. हाताला काहीही लागलं, साधा मुरगळा का असेना, तर आधी बांगड्या-अंगठ्या काढायच्या आणि मग बाकीचं, हे घराघरात माहीत हवं. पहिल्या दहा मिनिटांत जे सहज निघतं ते तासाभराने निघत नाही.

प्लास्टर निघाल्यावर बाई माझ्याकडे आल्या तेव्हा औषधाच्या कागदी पाकिटात ती कापलेली पाटली घेऊनच आल्या. आमच्या तपासणीच्या कागदावर एक ओळ असते: रुग्णाला हाताने काय करता यायला हवं आहे? लोक सांगतात, भाकरी थापायची आहे, कुलूप उघडायचंय, वेणी घालायचीये. बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “ही परत हातात येईल का?” मुलगा कसनुसा हसला. मी त्या ओळीत ‘पाटली घालणे व काढणे, स्वतः’ असं लिहिलं. व्यायामाला ध्येय लागतं, आणि हे ध्येय मी सुचवलेल्या कुठल्याही ध्येयापेक्षा बरं होतं.

पाटल्यांची हकीकत थोडी सांगायला हवी. त्या बाईंच्या सासूबाईंच्या. दोन्ही मिळून चार तोळे, तेही जुन्या तोळ्याने. आज सराफाकडे तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम धरतात, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे साधारण साडेसेहेचाळीस ग्रॅम. भरीव, चपट्या पट्टीच्या, बाहेरच्या कडेला बारीक जव, म्हणजे जवाच्या दाण्यांसारखी नक्षी. बाई बाळीवेशीजवळच्या वाड्यात सून म्हणून आल्या तेव्हा त्या सासूबाईंच्या हातात होत्या, आणि सासूबाईंनी शेवटच्या आजारात स्वतः उतरवून बाईंच्या हातात घातल्या. बाईंचे यजमान गिरणीत कारकून होते. १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिल्यापासून या गावाचं अर्धं पोट गिरण्यांच्या भोंग्यावर चालायचं. मग एकेक गिरणी बंद पडत गेली, तशी यजमानांचीही पडली. त्या काळात पाटल्या दोनदा गहाण पडल्या आणि दोन्ही वेळा बाईंच्या मास्तरकीच्या पगारातून सुटून आल्या. सोडवल्याची एक पावती ट्रंकेत अजून आहे, मला दाखवली. बाई म्हणाल्या, “सासूबाईंनी दिल्या खऱ्या. पण सोडवून आणल्या त्या मी.” त्या पाटल्यांना वारसा आणि कमाई असे दोन्ही हक्क चिकटलेले आहेत. हे कळलं नसतं तर मीही मुलासारखंच म्हणाले असते, की कापली ती कापली, आता जपून ठेवा.

आता हात. बाईंच्या बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांवर हाडाच्या टणक गाठी आहेत, मधल्या सांध्यांवरही आहेत. टोकाजवळच्यांना अठराव्या शतकातल्या एका इंग्रज डॉक्टरच्या नावाने हेबर्डनच्या गाठी म्हणतात. सांध्यातली कूर्चा झिजते आणि कडेने हाड वाढतं. अंगठ्याच्या बुडाचा सांधाही झिजून बाहेर आलेला, त्यामुळे तळहात तिथे चौकोनी दिसतो. याउलट मनगट बारीक झालेलं: चरबी गेली, स्नायू उतरले, कातडी पातळ झाली, जरा धक्का लागला की जांभळा डाग पडतो. म्हातारपणी हाताचं हेच होतं. पाटली जिथून जायला हवी ती जागा रुंद होते आणि पाटली जिथे राहायला हवी ती जागा अरुंद होते.

टेपने मोजलं. पाटलीचा आतला घेर अठरा सेंटीमीटर. बांगडीच्या मापात हे ‘दोन-चार’, म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, थोडक्यात सव्वादोन इंच व्यास. हे माप आपण कासाराकडे सर्रास सांगतो, पण ते टिंबापुढचे आकडे इंचाचे सोळांश असतात हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अंगठा आत दुमडून बाईंच्या उजव्या हाताचा सगळ्यात रुंद घेर साडेवीस सेंटीमीटर भरला, डाव्याचा एकोणीस. मनगटाचा घेर पावणेपंधरा. हातावरून सहज जायची तर पाटली ‘दोन-दहा’ची करायला हवी, म्हणजे जवळपास एकवीस सेंटीमीटर घेर. दोन्हींना मिळून साडेसात-आठ ग्रॅम नवं सोनं घालायचं, आणि एवढं करून ती पावणेपंधराच्या मनगटावर खुळखुळणार, भाकरी थापताना खाली बोटांवर येणार आणि हात वर केला की कोपराकडे धावणार. मोठी करणं हा उपाय नव्हताच.

आणि डाव्या हातातली पाटली? ती कितीतरी वर्षांत निघालेलीच नव्हती. सगळ्यांचं लक्ष कापलेल्या पाटलीवर, मला मात्र न कापलेलीची चिंता जास्त. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता वाढलेली असते. मी तसं सांगितल्यावर बाई चिडल्या. “चांगली आहे ती कशाला तोडायची? एक गेली ती पुरे नाही का झाली?”

ती न तोडता निघाली, आणि त्याचं श्रेय एका कासारणीचं आहे. सुनेच्या ओळखीची बाई, हरतालिकेला-गौरीला घरी येऊन बांगड्या भरणारी. तिने बाईंना दहा मिनिटं हात वर धरून बसवलं, मग गार पाण्यात बुडवायला लावला, हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली, पिशवीवर तेल लावलं, अंगठ्याचा सांधा न दाबता फक्त तळहात आतल्या बाजूला मुडपला आणि पाटली पिशवीवरून सरकवत काढली. बाईंना दुखलं, पण सोसवेल इतकंच. मी हाताचं शास्त्र शिकून आले आहे, तरी एवढ्या सफाईने मला ते जमलं नसतं.

दोन्ही पाटल्या सुट्या झाल्यावर घरात खरा पेच सुरू झाला. मुलाचं म्हणणं, दोन्ही मोडून चोख सोनं करून घ्यावं, लॉकरमध्ये ठेवावं. सूनबाईंना साखळीचोरांची धास्ती. मुलाच्या बोलण्यात हिशेब होता, लोभ नव्हता. त्याने वडिलांची गिरणी बंद पडताना पाहिलेली, त्यामुळे सोनं म्हणजे अडीनडीचा पैसा हेच त्याच्या डोक्यात. तो पाटल्या घेऊन एका मोठ्या दुकानात गेलाही. तिथे दुरुस्ती करत नाहीत असं कळलं, बदलून नवा दागिना घ्या म्हणाले, आणि जुन्या सोन्यात घट धरून जो आकडा सांगितला तो ऐकून तो स्वतःच परत आला. मला याचं नवल वाटलं नाही. दुरुस्तीत कारागिराचा वेळ जातो आणि दुकानाला सुटतं थोडं. त्यामुळे जुना दागिना अंगाला बेतून घेण्याची गोष्ट काचेच्या दुकानात सहसा होत नाही, ती मागच्या गल्लीतल्या भट्टीपाशी होते. शरीर बदललं की पोलक्याची शिवण उसवून घेतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दागिन्याच्या बाबतीत मात्र ‘आहे तसा घाल नाहीतर मोड’ असे दोनच रस्ते सांगितले जातात.

मधल्या मारुतीजवळच्या सराफ बाजारात एक साठीतले सोनार अजून स्वतः पाटावर बसून काम करतात. सून, बाई आणि मी त्यांच्याकडे गेलो. मी जाण्याचं कारण असं की हात कसा वळतो आणि कुठली पकड शिल्लक आहे ते सोनाराला समोर बघू दे. चिठ्ठीवर लिहून ते कळत नाही.

त्यांनी आधी पाटल्या तपासल्या. सोन्याचा कस तपासणाऱ्या जवळच्या केंद्रात एक्स-रे यंत्रावर पाटल्यांचं सोनं बावीस कॅरेटच्या जवळ निघालं. बरोबर बाईंची लग्नातली अंगठीही होती. मधला सांधा फुगल्यापासून ती बोटात जात नव्हती, डबीत पडून होती. तिचा कस आला अठ्ठावन्न टक्क्यांच्या आसपास. सुनेचा चेहरा उतरला. साठ वर्षं घरात जिला चोख समजत आले ती अंगठी निम्म्याहून जरा जास्तच सोन्याची? बाईंच्या वडिलांना कुणी फसवलं की काय?

सोनारांनी विचारलं, “बाई, लग्न कुठल्या साली?”

“चौसष्ट.”

“मग बरोबर आहे.” आणि त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरेट म्हणजे साडेअठ्ठावन्न टक्के सोनं. चीनच्या युद्धानंतरचे दिवस, परकीय चलनाची चणचण, लोकांनी सोन्याचा सोस कमी करावा हा हेतू. सोस काही कमी झाला नाही, पण हजारो सोनारांचा रोजगार गेला. ती अट १९६६ साली सैल झाली, १९६८ मध्ये स्वतंत्र कायदा आला आणि तो थेट १९९० मध्ये रद्द झाला. बाईंच्या वडिलांनी कायदा पाळून अंगठी केली होती, एवढंच. बाई म्हणाल्या, “आमचे अण्णा म्हणजे तसेच. रेशनची साखरसुद्धा मोजून घ्यायचे.”

या अंगठीमुळेच पुढचा प्रश्न सुटला. पाटली उघडती करायची, म्हणजे एका बाजूला बिजागरी आणि समोरच्या बाजूला खटका, हे सोनारांनी पाहताक्षणी सांगितलं होतं. अडचण सोन्याची होती. बावीस कॅरेट मऊ असतं. त्याची जीभ, म्हणजे खटक्यात अडकणारी पट्टी, केली तर काही दिवस उघडझाप झाली की ती वाकते, बसलेली राहते, आणि एके दिवशी पाटली रस्त्यात गळून पडते. खटक्याच्या जिभेला आणि बिजागरीच्या कांडीला कणखर, लवचीक धातू लागतो. चौदा-अठरा कॅरेटमध्ये तांबं-चांदी जास्त, म्हणून ते कणखर. सोनार आपल्याकडचं अठरा कॅरेट वापरणार होते. बाईंनी अंगठी पुढे केली. “ही घ्या की. बोटात तर जात नाही.”

मी विचारलं, नक्की का? अंगठी आटवली की परत येत नाही. त्या म्हणाल्या, यजमानांनी बोटात घातलेली अंगठी डबीत ठेवून रोज तिच्याकडे बघणं आपल्याला जमत नाही, हातातच राहू दे कुठल्या का रूपात. पाव तोळ्याची अंगठी. तिच्यातून दोन जिभा आणि दोन कांड्या निघाल्या, वर एक मण्याएवढं सोनं उरलं.

कामातले काही तपशील लिहून ठेवते, कारण असं काम करून घेणाऱ्याला ते उपयोगी पडतील. उजवी पाटली दवाखान्यात जिथे कापली होती, तिथलीच वेडीवाकडी टोकं घासून सरळ करून त्याच जागी खटका बसवला. नवी कापणी करावी लागली ती समोर, बिजागरीसाठी. उघडती झाल्यावर घेर हाताला नव्हे, मनगटाला जुळवायचा असतो, म्हणून तो अठरावरून १६.८ सेंटीमीटर केला. काढलेल्या तुकड्यांतून बिजागरीच्या नळ्या झाल्या, बाहेरचं सोनं जवळपास लागलंच नाही. आकार गोल न ठेवता किंचित लंबगोल केला. मनगट चपटं असतं, त्यावर लंबगोल पाटली फिरत नाही आणि खटका नेहमी हाताच्या आतल्या अंगाला राहतो. जीभ मात्र तार ओढून, ठोकून कडक केल्यावर पुन्हा तापवायची नाही, नाहीतर ती मऊ पडते. ती झाळून, म्हणजे तापवून सांधून, न बसवता रिबिटाने पक्की केली.

माप कधी घ्यायचं यावर माझा आणि सोनारांचा थोडा वाद झाला. काम थंडीत चाललं होतं. सकाळी दुकानात घेतलेलं माप आणि सोलापूरचा मे महिना यांचा काही संबंध नसतो. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला की निरोगी माणसाचीही बोटं सुजतात, त्यात बाईंचं मनगट मोडून बसलेलं, अशी सूज महिनोन्‌महिने ये-जा करते. म्हणून संध्याकाळी, कोमट पाण्यात हात ठेवल्यावर, पुन्हा मोजलं आणि एक बोट सहज आत जाईल इतकी सैल ठेवली. सोनारांना ती ढिली वाटत होती. त्यांच्या डोळ्याला ढिली, पण मधुमेही, पातळ कातडीच्या हाताला तेवढी जागा हवीच.

सोन्याला हात लावण्याआधी पितळेचा नमुना करून घेतला. हा आग्रह माझा, आणि त्याने पुष्कळ त्रास वाचला. पहिल्या नमुन्याचा खटका नखाने दाबायचा होता. तरुण कारागिराच्या बोटांनी तो टक्‌कन उघडला, बाईंच्या बोटांनी उघडेना. गाठी असलेल्या बोटांनी टोकाटोकाची चिमूट धरता येत नाही, जोरही लागत नाही. त्यांची शाबूत असलेली पकड म्हणजे किल्ली धरतो ती: अंगठ्याचा गादीसारखा भाग आणि तर्जनीची बाजू. मग सोनारांनी खटक्याला दोन्ही कडांनी छोटे कान काढले, त्या पकडीत दाबता येतील असे. दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती: पाटली घालताना एक हात आत असतो, म्हणजे सगळं काम एकाच हाताने. बाईंनी नमुना घातला, खालचा भाग टेबलाच्या कडेला टेकवला आणि वरून दुसऱ्या तळहाताने दाबून बंद केला. तो दाब सोसेल इतकी पट्टी जाड हवी हे तिथेच ठरलं. सुरक्षेची साखळी बाईंनी नाकारली, “लोंबतं ते, भाकरीच्या पिठात जाईल.” त्याऐवजी खटक्याला दोन टप्पे केले. पहिला सुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

हा नमुना बाई घरी घेऊन गेल्या आणि व्यायाम म्हणून रोज उघडझाप करू लागल्या. मी दिलेला स्पंजचा चेंडू दाबायचा त्यांना कंटाळा होता. पितळी पाटली मात्र त्या टीव्ही बघताबघताही उघडत-मिटत. चिमटीचा जोर वाढला त्यात तिचा वाटा मोठा.

कृतज्ञतेबद्दल इथे लिहायला हवं, कारण नातेवाइकांनी बाईंना त्या काळात तिचे बरेच डोस पाजले. जीव वाचला हे काय कमी आहे, या वयात हिंडता-फिरता हे बघा, जे आहे त्यात समाधान माना. सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासकट तेच. बाई एकदा फटकन म्हणाल्या, “माझं मनगट ठणकतंय आणि ह्यांना मी आभार मानायला हवेत. कुणाचे, फरशीचे?” मला हे फार पटलं. दुखणाऱ्या, परावलंबी झालेल्या माणसाला कृतज्ञतेचा उपदेश करणं म्हणजे त्याला गप्प बस म्हणून सांगणं आहे. माझ्या कामात मी उलट क्रम पाहते. आधी एखादी अडकलेली गोष्ट सुटते, वेणी घातली जाते, कुलूप उघडतं, आणि मग माणूस स्वतःहून कुठल्या तरी भलत्याच गोष्टीविषयी बरं बोलायला लागतो.

बाईंच्या बाबतीत ती भलती गोष्ट म्हणजे बोटांवरच्या गाठी. या गाठींची त्यांना लाज होती. बोलताना हात पदराखाली, फोटो काढताना हात मागे. शाळेतल्या खडूने आणि भाकऱ्या थापून असं झालं, असा त्यांचा समज होता. पितळी नमुना जमू लागला त्या सुमाराला मी सहज म्हणाले, कामाने थोडाफार फरक पडतो, पण टोकाच्या सांध्यांच्या या गाठी पुष्कळदा घराण्यातून येतात, आईकडून लेकीकडे. बाई आपल्या हाताकडे बघायला लागल्या. मग बार्शीच्या माहेरच्या गोष्टी निघाल्या. आई दुपारी ज्वारी निवडत बसायची आणि धाकट्या बाई तिच्या बोटांच्या गाठींवर एक-दोन-तीन म्हणत आकडे शिकायच्या. “पहिला पाढा मी आईच्या बोटावर म्हटला. आणि इतकी वर्षं मला वाटतंय, हे खडूमुळं.” त्यानंतर हात पदराखाली जाणं कमी झालं. एकदम बंद झालं असं मी म्हणणार नाही, आणि थंडीत सांधे धरले की त्या गाठींना शिव्याही घालतात.

सोन्याची जोडी डिसेंबरात हाती आली. मजुरी मुलाला वाटली होती त्याहून जास्त झाली, पण ‘मोडून नवं’ यात जी घट आणि घडणावळ गेली असती तिच्यापेक्षा बरीच कमी. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या, यात्रेला अक्षता सोहळ्यासाठी संमती कट्ट्यावर जायचं बाईंनी मनात धरलं होतं. त्या गर्दीत जुळून काहीच महिने झालेलं मनगट घेऊन जाऊ नका, असं मी बजावलं. त्यांनी बाळीवेशीत जुन्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर खुर्ची टाकून नंदीध्वजांची मिरवणूक पाहिली. दोन्ही पाटल्या त्यांनी स्वतः घातल्या होत्या, सून नुसती शेजारी उभी होती.

बाकीच्या दागिन्यांचं थोडक्यात. लाखेने भरलेले गोठ, म्हणजे जाड गोल कडी, होते, ते उघडते करता येत नाहीत. आत लाख, आणि तिला झाळकामाची उष्णता मुळीच सोसत नाही. ती काढून, काम करून, पुन्हा भरायची तर दागिना जवळपास नव्याने घडवावा लागतो. ते तसेच नातीकडे गेले, तिचा हात अजून दोन-चारमधून जातो. मंगळसूत्राच्या दोन वाट्या डबीत आहेत. यजमान गेल्यावर नणंदेच्या आग्रहाखातर बाईंनी ते उतरवलं होतं. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा बाईंनी ती बातमी कापून ठेवली, पण वाट्या काही पुन्हा घातल्या नाहीत. सुनेने विचारलं, पदकासारख्या करून घ्यायच्या का? बाई म्हणाल्या, त्यांना हात लावायचा नाही. तो विषय तिथे संपला, आणि मला वाटतं तो तिथेच संपायला हवा होता. प्रत्येक जुन्या दागिन्याला नवा उपयोग सापडलाच पाहिजे असं नाही.

पुढे २०२५ च्या एप्रिलात सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाची रेघ गाठली आणि घरातला जुना वाद नव्याने पेटला. चार तोळे हातात घेऊन भाजीला जायचं? मुलाने लॉकरचा फॉर्मच आणला. बाई म्हणाल्या, “लॉकरला मनगट असतं का?” शेवटी तडजोड झाली: घरात आणि कार्याला पाटल्या, एकट्याने बाहेर जाताना काचेच्या बांगड्या. उघडत्या पाटल्यांमुळेच ही तडजोड शक्य झाली, आधी त्या निघतच नव्हत्या. रात्रीही काढून ठेवतात. मेच्या उकाड्यात सूज आली तेव्हा बाईंनी त्या स्वतःच उतरवल्या आणि मला फोन करून सांगितलं, सोनाराला सांग, ढिली होती तेच बरं झालं. त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी सूनबाई स्वतःची घट्ट झालेली अंगठी घेऊन सराफ बाजारात गेल्या. संध्याकाळी गेल्या, माप नीट यावं म्हणून.

कानांचं काम राहिलंय. मोत्यांच्या कुड्यांच्या वजनाने उजव्या पाळीचं भोक ओघळून जवळजवळ कडेपर्यंत आलं आहे. पाळी शिवून घेणं छोटं काम आहे, जागा बधिर करून होतं, पण नवं भोक काही आठवड्यांनी, जखमेच्या वणापासून बाजूला पाडावं लागतं, आणि त्याआधी साखर आटोक्यात हवी. बाईंची तीन महिन्यांची सरासरी अजून वरच आहे, आंब्याच्या दिवसांत ती खाली येण्याची आशा मी करत नाही. तोवर सोनारांनी कुड्यांच्या मागे मोठी चकती बसवून दिली आहे आणि बाईंनी ट्रंकेतून सासूबाईंचे मोत्याचे वेल काढले आहेत. वेल कुडीत अडकतो, वर केसांत खोचला जातो आणि वजन पाळीवर न येता केसांवर येतं. हा उपाय मी शोधला असं त्यांनी सोनारांना सांगून टाकलंय, आणि तो माझा नाही हे कितीदा सांगितलं तरी त्या ऐकत नाहीत.